जन्मठेपेचा ग्रंथ की बारा मार्चची नोंदवही?

११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अबू सालेमच्या याचिकेवर निकाल दिला. १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजून पंचवीस वर्षे पूर्ण झाली, की केंद्र सरकारने राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना सल्ला द्यावा आणि या कैद्याच्या मुक्ततेची कागदपत्रे महिन्याभरात पुढे धाडावीत, असा त्या निकालाचा आशय आहे. निकालाची तारीख नीट पाहावी. २००६ साली याच तारखेला, ११ जुलैला, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या ऐन गर्दीत लागोपाठ सात स्फोट झाले होते. न्यायालयाच्या कार्यसूचीत हा योगायोग कुणाच्या ध्यानी असण्याचे कारण नाही. न्यायासन दिनदर्शिका पाहून निकाल देत नसते. परंतु दिनदर्शिका पाहण्याचे काम ज्याचे आहे, त्या समाजाचे काय?

निकाल कायद्याला धरून आहे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. सालेम २००२ साली लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगाल हा जन्मठेप रद्द करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या देशांपैकी एक. १८८४ सालीच त्याने ही शिक्षा आपल्या कायद्यातून काढून टाकली. अशा देशातून आरोपी आणावयाचा, तर त्या देशाला शब्द द्यावा लागतो. तो शब्द १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी दिला : फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कारावासही नाही. हा शब्द कुणी दिला याची आठवण करून देण्यात काही विद्वानांना मोठी मौज वाटते. ती त्यांनी खुशाल लुटावी. राष्ट्राने दिलेला शब्द राष्ट्राने पाळावयाचा असतो, तो देणाऱ्याच्या पक्षाचा नसतो. हा शब्द दिला नसता, तर सालेम लिस्बनहून मुंबईच्या न्यायालयात आलाच नसता आणि ७ सप्टेंबर २०१७ रोजी विशेष टाडा न्यायालयाने त्याला १९९३ च्या खटल्यात जन्मठेप ठोठावली, तीही ठोठावता आली नसती.

तेव्हा प्रश्न सालेम २०३० साली सुटेल की नाही, हा नव्हे. तो कायद्याने ठरेल. प्रश्न असा आहे, की तो ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी या देशाच्या ग्रंथालयांत दोन विषयांवरील पुस्तके किती असतील. एक विषय जन्मठेपेचा आणि दुसरा १२ मार्च १९९३ चा. पहिल्या विषयाचे कपाट भरत चालले आहे, दुसऱ्याचे जवळजवळ रिकामे आहे. कोणत्या कपाटात भर घालावयाची, या निवडीविषयी मराठी वाचकाने विचार करण्याची वेळ आली आहे.

पहिले कपाट आधी पाहू. डर्क व्हान झिल स्मिट आणि कॅथरिन अ‍ॅपलटन या दोन अभ्यासकांचा जन्मठेपेवरील जागतिक आढाव्याचा जाडजूड ग्रंथ २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यांनी जगातील २१६ देश आणि प्रदेश तपासले, त्यांपैकी १८३ ठिकाणी कायद्याने जन्मठेप असल्याचे दाखविले आणि २०१४ साली जगात सुमारे ४,७९,००० माणसे जन्मठेप भोगत होती, असा अंदाज मांडला. ही साधी गोष्ट नव्हे. देशोदेशीचे कायदे, तुरुंगांची आकडेवारी, न्यायालयांचे निवाडे गोळा करून, एकेका शब्दाचा अर्थ तपासून केलेले हे काम आहे. कुणी कितीही नाके मुरडली, तरी त्याची योग्यता कमी होत नाही. याच परंपरेत युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा २०१३ चा व्हिंटर खटल्यातील निवाडा येतो. सुटकेची कोणतीही शक्यता न ठेवता माणसाला मरेपर्यंत कोंडून ठेवणे म्हणजे अमानुष वागणूक, असे त्या न्यायालयाने ठरविले, आणि तेव्हापासून विद्वानांच्या परिभाषेत एक नवा हक्क रूढ झाला : कैद्याचा ‘आशेचा हक्क’.

शब्द सुंदर आहे. पण १२ मार्च १९९३ च्या दुपारी वरळीच्या सेंच्युरी बाजाराजवळून जाणाऱ्या बेस्ट बसमध्ये बसलेल्यांनाही संध्याकाळी घरी पोहोचण्याची आशा होती. त्या आशेला हक्काचा दर्जा कोणत्या ग्रंथाने दिला? त्या प्रवाशांची नावे, त्यांचे व्यवसाय, ते कुठून कुठे निघाले होते, त्यांच्या मागे कोण राहिले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्या विद्यापीठाने गोळा केले?

या विद्वत्तेचा प्रवास कसा होतो, हेही पाहण्याजोगे आहे. जुलै २०१५ मध्ये याकूब मेमनची फाशी जवळ आली, तेव्हा अनेक नामवंतांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले, मध्यरात्रीनंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले गेले. फाशी नको, हवी तर जन्मठेप द्या, असा त्या वेळी एकूण सूर होता. मृत्यूऐवजी आजन्म कारावास हा सुसंस्कृत पर्याय असल्याचे सांगितले जात होते. आणि त्याच विचारप्रवाहातून आता ग्रंथ येत आहेत, की जन्मठेप म्हणजे तरी काय, ती संथ गतीची फाशीच होय! एका पायरीवर उभे राहून वरची पायरी मोडावयाची आणि मग त्या पायरीलाच हात घालावयाचा. उद्या पंचवीस वर्षांवर ग्रंथ येईल, परवा चौदा वर्षांवर. शिक्षेचा प्रत्येक प्रकार अमानुष ठरत जाईल आणि गुन्ह्याच्या अमानुषतेविषयी मात्र एक प्रकरणदेखील लिहिले जाणार नाही, कारण तो ‘अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा’ विषय आहे.

असे म्हटले, की लगेच आरोप होतो : तुम्हांला बंदिवानाविषयी करुणा नाही, तुम्हांला सूड हवा आहे. हा आरोप मराठी वाचकावर तरी करू नये. जन्मठेपेवरचा पहिला मोठा ग्रंथ मराठी माणसाने विद्यापीठाच्या छापखान्यातून आणलेला नाही. तो १९२७ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिहिलेला ‘माझी जन्मठेप’. पन्नास वर्षांची शिक्षा झालेल्या, अंदमानच्या कोलूला जुंपलेल्या माणसाचे ते निवेदन आहे. कोठडी म्हणजे काय, पत्रावाचून वर्ष काढणे म्हणजे काय, पहारेकऱ्याच्या लहरीवर जगणे म्हणजे काय, हे या भाषेने तेव्हापासून शाळकरी वयात वाचले आहे. कैदी माणूस असतो, हे मराठी वाचकाला शिकविण्यासाठी कुणाला समुद्र ओलांडून यावयाची आवश्यकता नाही. आणि म्हणूनच त्याला हेही कळते, की कोठडीतल्या माणसाचे दुःख लिहिणारी लेखणी जेवढी आवश्यक, तेवढीच त्याच्या कृत्याने उद्ध्वस्त झालेल्या घराचे दुःख लिहिणारी लेखणी आवश्यक आहे.

आपल्या देशात तर ‘जन्मठेप’ या शब्दाचा अर्थच एक राहिलेला नाही. लोकांच्या तोंडी ती चौदा वर्षांची असते. १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, सरकारने सूट दिली तरच सुटका. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आले आणि ज्या गुन्ह्यांना फाशीही होऊ शकते, त्यांत किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सूट देता येणार नाही, असे ठरले. लोकांच्या तोंडचा चौदाचा आकडा बहुधा त्या ‘किमान’ शब्दाचा विसर पडून रुजला. २००८ साली स्वामी श्रद्धानंद खटल्यात आणि २०१५ साली घटनापीठाने असेही मान्य केले, की फाशीऐवजी सूट नसलेली दीर्घ मुदतीची जन्मठेप देता येते. शिवाय परदेशाला दिलेल्या वचनामुळे होणारी पंचवीस वर्षांची जन्मठेप आहेच. देशातील तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्या बंदींपैकी निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे आहेत. एवढ्या माणसांची एकच शिक्षा आणि तिचे चार अर्थ! यावर मराठीत एखादा साक्षेपी ग्रंथ असणे जरूरच आहे. तो लिहू नये, असे कुणी म्हटलेले नाही. भांडण आहे ते अग्रक्रमाचे.

आता दुसऱ्या कपाटाकडे वळू.

१२ मार्च १९९३. शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात पहिला स्फोट झाला. मग कथा बाजारचा धान्यबाजार, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोलपंप, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, माहीमची कोळी वसाहत, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, वांद्र्याचे आणि जुहूचे हॉटेल, विमानतळ. सुमारे दोन तासांत हे सगळे घडले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली, सातशेहून अधिक जखमी झाली. ही माणसे कोण होती? शेअर बाजारातले कारकून आणि दलाल, बाजारातले हमाल, बसचे प्रवासी, पेढीवरचे नोकर, रस्त्यावरून जाणारे पादचारी. स्फोटके धर्म विचारून फुटत नाहीत, बाजारात आणि रस्त्यात कुणीही असते. म्हणूनच त्याला सार्वजनिक हिंसा म्हणतात. ती कुणा एका माणसाविरुद्ध नसते, रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाविरुद्ध असते.

या दिवसाविषयी निश्चित माहिती कुठे आहे? ती न्यायालयाच्या दप्तरात आहे. १२३ आरोपी, सहाशेहून अधिक साक्षीदार, बारा वर्षांहून अधिक काळ चाललेला खटला, १०० जण दोषी. रायगड जिल्ह्याच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर माल कसा उतरला, सीमाशुल्क खात्यातले आणि पोलिसांतले कोण कोण त्या वेळी डोळे मिटून बसले, हे सारे त्या दप्तरात आहे. काही अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. पण दप्तर म्हणजे ग्रंथ नव्हे. दप्तरात आरोपीला क्रमांक असतो, त्याचा जबाब असतो, त्याच्या वकिलाचा युक्तिवाद असतो. मृताच्या वाट्याला शवविच्छेदनाचा अहवाल येतो. खटला हा स्वभावतःच आरोपीभोवती फिरतो आणि तसाच तो फिरला पाहिजे. चूक तिथे होते, की खटल्यालाच स्मरण समजून समाज हात झटकून मोकळा होतो.

बरे, कुणी खटल्याबाहेर सांगू पाहिले, तर? एस. हुसेन झैदी यांनी या कटावर ‘ब्लॅक फ्रायडे’ हे पुस्तक २००२ साली लिहिले. ते इंग्रजीत, आणि एका वार्ताहराने केलेले. पगारी प्राध्यापकांपैकी कुणी ते केले नाही, ही बाब ध्यानात ठेवावी. त्यावरून अनुराग कश्यप यांनी चित्रपट काढला. तो पाहिल्याने न्यायदान प्रभावित होईल, अशी तक्रार आरोपींनीच केली आणि उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबविले. टाडा न्यायालयाचे निकाल येईपर्यंत चित्रपट डब्यात पडून राहिला आणि ९ फेब्रुवारी २००७ रोजी पडद्यावर आला. न्यायालयाची भूमिका कायद्याला धरून होती, असे मानले तरी परिणाम काय झाला? घटना घडून चौदा वर्षे होत आली, तोवर तिचे चित्रण पाहण्याची परवानगी शहराला नव्हती. आणि परवानगी कुणाच्या सोयीने मिळणार, तर आरोपींच्या खटल्याच्या गतीने! गुन्हेगाराचा काळ मोजणारी यंत्रणा या देशात आहे. पीडिताचा काळ मोजणारी नाही.

त्याहून अधिक उद्वेगजनक गोष्ट स्फोटांच्या संख्येची. त्या संध्याकाळी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून एक स्फोट जास्त सांगितला. मुस्लिमबहुल वस्तीतही स्फोट झाल्याचे त्यांनी मुद्दाम सांगितले, आणि ते असत्य असल्याचे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले. दंगल भडकू नये म्हणून असे केले, असे त्यांचे समर्थन. दंगल टळली हे चांगलेच झाले, आणि त्या रात्री त्या खुर्चीत बसलेल्या माणसासमोर सोपे पर्याय नव्हते, हेही मान्य. पण ते असत्य दुरुस्त कधी झाले? दुसऱ्या आठवड्यात नाही, दुसऱ्या वर्षी नाही. ते चातुर्याची गोष्ट म्हणून सांगितले जाऊ लागले! आज तिशी-पस्तिशीतल्या एखाद्या मुंबईकराला विचारावे, स्फोट किती झाले? कुणी बारा म्हणतो, कुणी तेरा. ज्या घटनेचा आकडाही सर्वमान्य नाही, तिच्या स्मरणाची काय कथा?

इथे समोरून एक ठरलेला प्रश्न येतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींचे काय? श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींत ९०० मृत्यू नोंदविले आहेत, त्यांचे स्मरण कुणी करावयाचे? उत्तर सरळ आहे : करावे. प्रत्येकाचे करावे. त्या ९०० माणसांची एकेक करून नोंद व्हावी, ती हिंदूंची असोत वा मुसलमानांची. कुणाच्या घरातला माणूस दंगलीत गेला, तर त्याचे दुःख मार्चमध्ये गेलेल्याच्या दुःखाहून लहान नाही. अमान्य आहे ती दुसरीच गोष्ट. स्फोट ही दंगलींची ‘प्रतिक्रिया’ होती, हे वाक्य कारण म्हणून सुरू होते आणि सवलत म्हणून संपते. तळघरात गाडी उभी करणाऱ्याच्या डोक्यात काय होते, हा इतिहासकाराचा विषय आहे आणि त्याने तो जरूर शोधावा. पण कथा बाजारात पोते उचलणाऱ्या हमालाने कोणती दंगल केली होती? एका मृताला दुसऱ्या मृताच्या खात्यात वळते करण्याचा हा जमाखर्च ज्यांनी सुरू केला, त्यांनीच सार्वजनिक हिंसेचे स्मरण अशक्य करून ठेवले आहे. एकाचे नाव घेतले, की दुसऱ्याने दुसरे नाव फेकावयाचे आणि शेवटी दोन्ही नावे धुळीत!

स्मरण न लिहिल्याने काय होते, याचा दाखला महाराष्ट्राला परगावी शोधावा लागत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची निंद्य हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या परिसरातून कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. मुंबईत सावरकरांचे बंधू डॉ. नारायणराव यांना जमावाने दगडांनी ठेचले. ते त्यातून पुरते उठलेच नाहीत आणि पुढच्या वर्षी गेले. सारे गेले कुठे? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या छोट्या कादंबरीत गेले आणि घरोघरच्या दबक्या बोलण्यात गेले. अभ्यास म्हणावा असा मोठा निबंध लिहिला तो शिकागो विद्यापीठातील एका परदेशी ग्रंथपाल विदुषीने, मॉरीन पॅटरसन यांनी, आणि तोही चाळीस वर्षांनी, १९८८ साली. तोवर साक्षीदार पांगले होते, अनेक मरण पावले होते. ज्यांची घरे जळली, त्यांनी लिहिले नाही, कारण लिहिणे म्हणजे जखम उकरणे आहे, असे त्यांना वाटले. ज्यांनी जाळली, ते लिहिणार नव्हतेच. परिणामी आजही कुणी या विषयावर एक आकडा सांगतो, कुणी त्याच्या दहापट, आणि कुणी हे घडलेच नाही असे म्हणतो. या तिघांपैकी कुणालाही खोटे ठरविण्याइतकी नोंद हाताशी नाही.

हा दोष फक्त डाव्या प्राध्यापकांच्या माथी मारून चालणार नाही. जे वर्षानुवर्षे १२ मार्च आणि २६ नोव्हेंबर या दिवशी मेणबत्त्या लावतात, फलक धरतात, घोषणा देतात, त्यांनीही एखाद्या मृताच्या घरी जाऊन तासभर बसून त्याच्या विधवेचे बोलणे लिहून घेतले आहे काय? सभेला हजार माणसे येतात, नोंदवही घेऊन एकही जात नाही. ‘विसरणार नाही’ ही घोषणा आहे. न विसरण्याचे काम निराळे असते, ते कष्टाचे असते आणि त्यात टाळ्या नसतात. विरोधकांनी ग्रंथ लिहिले म्हणून त्यांच्यावर रागावण्यापेक्षा, ग्रंथ लिहिण्याची त्यांची चिकाटी उचलणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

आणि घोषणेवर उभारलेले स्मरण किती ठिसूळ असते, हे २१ जुलै २०२५ रोजी दिसले. ११ जुलै २००६ च्या रेल्वेस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी त्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. प्रकरण लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले, त्या निर्णयाचा दाखला अन्य खटल्यांत दिला जाऊ नये अशी स्थगितीही आली; पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडण्यात आले नाही. इथे जन्मठेपेच्या अभ्यासकाला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याचे ऐकलेच पाहिजे. जर माणसे खरोखर निर्दोष असतील, तर त्यांनी तुरुंगात काढलेली एकोणीस वर्षे हा त्यांच्यावरचा अन्याय आहेच आणि तो मृतांवरचाही अन्याय आहे, कारण त्या काळात खरे गुन्हेगार मोकळे फिरले. पण त्या दिवशी विरार, भाईंदर, बोरिवलीकडच्या घरांत काय झाले असेल? ज्यांनी एकोणीस वर्षे ‘गुन्हेगार आत आहेत’ एवढ्याच आधारावर दुःख आवरून धरले होते, त्यांच्या हाती काही उरले नाही. गुन्हेगार नाही, निकाल नाही, आणि गेलेल्या माणसाचे आयुष्य सांगणारे एक पानही नाही. स्मृती कैद्याच्या गजाला बांधून ठेवली, की गज उघडताच ती निराधार होते.

नॉर्वेचे उदाहरण या वादात विद्वान नेहमी देतात, ते त्यांच्याच सोयीसाठी थोडे पुढे नेऊन पाहावे. त्या देशाने १९८१ सालीच जन्मठेप रद्द केली. २२ जुलै २०११ रोजी ब्रेविकने ७७ माणसे मारली, त्याला २०१२ साली मिळाली ती एकवीस वर्षांची स्थानबद्धता. धोका कायम असेल तर ती मुदत पुढे वाढविता येते. त्याने तुरुंगातून सरकारवरच मानवाधिकारांचा खटला भरला, खालच्या न्यायालयात तो काही अंशी जिंकला आणि वर हरला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्या ग्रंथांत सापडते. पुढची कमी सांगितली जाते. त्याच देशात स्मारक कसे असावे यावरून कित्येक वर्षे भांडण झाले. बेटासमोरचा खडक कापून स्मारक करण्याची योजना शेजाऱ्यांच्या विरोधामुळे २०१७ साली सोडून द्यावी लागली. तरी भांडण सोडले नाही. २०२२ साली उटोयाच्या धक्क्यावर कांस्याचे ७७ स्तंभ उभे राहिले, माणसागणिक एक. कैद्याविषयी जगात सर्वांत सौम्य कायदा असलेल्या देशाला मृतांची मोजदाद करणे सौम्यतेच्या आड येणारे वाटले नाही. मुंबईला अकरा वर्षे नव्हे, त्याच्या तिप्पट मिळाली आहेत.

तेव्हा आता निवड. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. अनुदान वेळेवर येत नाही, वर्गणीदार घटले आहेत, ग्रंथपालाचे मानधन सांगण्यासारखे नाही. वर्षाअखेर हाती काही हजार रुपये उरले. त्यात हार्वर्डचा तो ग्रंथ घ्यावा, की त्याच पैशांत दोन तरुणांना ध्वनिमुद्रक घेऊन मुंबईला पाठवावे? विद्वान म्हणेल, ग्रंथ घ्या, तो विवेक शिकवील. स्मृतीच्या नादी लागाल तर द्वेष पसरेल. इथेच त्याची चूक आहे. द्वेष पसरतो तो नोंद नसलेल्या स्मृतीतून, कारण तिथे आकडा हवा तेवढा फुगविता येतो आणि मारणारा कोणाही शेजाऱ्याच्या रूपात उभा करता येतो. १२ मार्चच्या बळींची यादी धर्म-जात-गाव-धंदा यांसह कुणी प्रामाणिकपणे छापली, तर तिच्यात सर्व धर्मांची नावे निघतील आणि कटाशी झुंजून गुन्हेगार पकडणाऱ्यांतही निघतील. ही यादी द्वेषाला सर्वांत गैरसोयीची आहे. विद्वानाला ती गैरसोयीची का वाटावी, हे त्याचे त्याने तपासावे.

हार्वर्डचा ग्रंथ विद्यापीठात मिळेल, मोठ्या शहरात मिळेल, आणखी दहा वर्षांनीही मिळेल. त्याची दुसरी आवृत्ती निघेल. कथा बाजारात त्या दुपारी पोते पाठीवर घेऊन उभा असलेला वीस वर्षांचा हमाल आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. चाळीस वर्षांची परिचारिका, जिने त्या संध्याकाळी जखमींच्या रांगा पाहिल्या, ती सत्तरीच्या पुढे आहे. शेखाडीच्या किनाऱ्यावर त्या रात्री कोण कोण आले हे ज्यांनी पाहिले, त्यांतले कितीतरी आता या जगात नसतील. यांची दुसरी आवृत्ती निघणार नाही.

म्हणून आधी ते दोन तरुण जावेत. त्यांनी न्यायालयाच्या निकालपत्रातून मृतांची यादी उतरवून घ्यावी, तिच्यापुढे रकाने आखावेत, एकेका घराचा पत्ता शोधावा, जे बोलतील त्यांचे जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि जे बोलणार नाहीत त्यांना नमस्कार करून परत यावे. ऐकीव आणि पाहिलेले वेगळे मांडावे. स्फोट किती, हे एकदाचे पुराव्यानिशी लिहून टाकावे. जखमींचीही नोंद करावी. ज्यांचे पाय गेले, डोळे गेले, ते गेली तीन दशके कसे जगले, हा जन्मठेपेचाच एक प्रकार आहे आणि त्यावर एकही आढावा निघालेला नाही. काम संपले, की ग्रंथपालाने तो हार्वर्डचा ग्रंथही अवश्य मागवावा आणि दोन्ही एकाच फळीवर ठेवावेत.

सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पंचवीस वर्षे ऑक्टोबर २०३० मध्ये पूर्ण होतील. त्या महिन्यात एखादा पत्रकार तालुक्याच्या ग्रंथालयात येईल आणि या माणसाने नेमके काय केले होते, असे विचारील. ग्रंथपालाच्या हातात तेव्हा काय असेल, ते ठरविण्याचा अवधी तेवढाच आहे.